पाव्हण्याचं पाणी

आप्पा साताऱ्याला आले की त्यांची पिशवी हॉलच्या दारामागच्या खिळ्याला लागायची आणि ते परत जाईपर्यंत तिथेच लटकून राहायची. आप्पा म्हणजे माझे वडील. पिशवीत धोतरं, सदरे, दाढीचं सामान आणि तंबाखूची चंची. आंघोळ झाली की पिशवीतून धोतर निघायचं, वाळलेलं धोतर घडी होऊन पुन्हा पिशवीत जायचं. बायकोनं त्यांच्यासाठी कपाटातला आख्खा कप्पा रिकामा ठेवला होता. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. गोळ्या झिजून संपायच्या, ती नव्या टाकायची, कप्पा तसाच.

आई गेल्यापासून मी आप्पांच्या मागे लागलो होतो, की जतकडचं ते एकट्याचं राहणं पुरे झालं, आता इकडेच या. ते यायचे. तीन-चार दिवसांत पिशवी खिळ्यावरून खांद्यावर जायची आणि मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जायचो. कारण विचारलं तर एकच, "हितं करायचं काय मी?"

'मी आहे की इथं,' हे दर वेळी माझ्या ओठांवर यायचं. पण आमच्या घरात बापलेकांनी असलं काही बोलायची पद्धत नाही. मी म्हणायचो, "टीव्ही आहे की, आप्पा."

दुसरी अडचण पाण्याची होती. आमच्या गावाकडे पाणी टँकरनं येतं, आणि माझं लहानपण तर परातीत उभं राहून आंघोळ करण्यात गेलं. दोन तांबे डोक्यावरून, आणि परातीत जमलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. तिसरा तांब्या मागितला तर आप्पा असे बघायचे, जसं काही मी कोकरू विकायला काढलंय. मी पुढे पाटबंधारे खात्यात चिकटलो, कोयनानगरला काही वर्षं काढली, जिथे जिकडे बघावं तिकडे पाणी. तिथून साताऱ्याला बदली झाली, घर बांधलं, बाथरूमला शॉवर लावला. तरी आप्पा आले की मी शॉवर सोडत नसे. सोडला तर दाराबाहेरून आवाज यायचा, "झालं का न्हाई रं?" पन्नाशी उलटलेला, चष्मा लागलेला, हाताखाली चार माणसं असलेला मी अंगाला साबण तसाच ठेवून म्हणायचो, "झालंच, आप्पा."

बायको सांगलीची, कृष्णेकाठची. तिच्या माहेरी पाण्याची अडचण वेगळी. ते बोलावल्याशिवाय घरात येतं आणि खिडकीपर्यंत चढतं. जिल्हा एकच, पण पाण्याच्या बाबतीत आमची सोयरीक म्हणजे दोन देशांची.

तर त्या सांगलीला आम्ही दोघं एका रविवारी गेलो होतो. तिच्या माहेरच्या शेजारचे भाडेकरू घर सोडून गेले होते आणि जाताना गॅलरीत काचेची पेटी टाकून गेले होते. पेटीत चार बोटं हिरवट पाणी आणि पाण्यात एक कासव. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, ताटलीएवढं. जखमी प्राणी सोडवणाऱ्या एका बाईंनी ते ताब्यात घेऊन बरं केलं होतं आणि आता त्या त्याच्यासाठी घर शोधत होत्या. ही जात बाहेरच्या देशातली, नदीत सोडली तर इथल्या कासवांचं खाणं पळवते, म्हणून सोडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. आमची मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली, घर रिकामं; बायकोचा जीव त्या कासवावर जडला. मी म्हणालो, विचार करू. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. सांगलीकडे होत नाही.

बाईंनी आमची जी चौकशी केली तेवढी आमच्या लग्नातही झाली नव्हती. ऊन कुठून येतं, मांजर आहे का, गावाला गेलात तर बघणार कोण. मग अटी. नदीत, विहिरीत सोडायचं नाही. पाठीला रंग, तेल, हळदकुंकू काही लावायचं नाही. हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. त्या कधीही येऊन बघतील, आणि काही चुकीचं दिसलं तर परत घेऊन जातील. बायको मान डोलवत होती. परतीच्या वाटेत कासवाचा टब तिच्या मांडीवर आणि गाडीचा एसी बंद, कारण त्याला गार वारा चालत नाही. मला उकाडा चालतो की नाही, हा विषय निघाला नाही. म्हणजे सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

घरी आप्पा होते, पिशवी खिळ्याला होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाणार होते. त्यांनी टबात वाकून बघितलं आणि आधी हात जोडले. देवळापुढे दगडी कासव असतं, त्याला हात लावूनच आत जायचं, एवढीच त्यांची कासवाशी ओळख. मग त्यांनी सुनेला विचारलं, ह्याला पाणी किती लागतं. तिनं पोटरीपर्यंत हात नेऊन दाखवलं. मला मनातल्या मनात गंमत वाटली. म्हटलं, आता हे कासव आणि आप्पा, बघूया कोण टिकतं.

सकाळी त्यांना सोडायला म्हणून मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर आलो, तर आप्पा अंगणात टबापाशी उकिडवे बसलेले. कासव दगडावर चढलं होतं. मान लांब केलेली, मागचे पाय हवेत ताणलेले, डोळे मिटलेले, असं उन्हाला पसरलेलं. आप्पा बघतच राहिले. मग म्हणाले, "आजची गाडी गेली." जतकडे जायला दिवसभर गाड्या असतात. मी किल्ली खिशात घातली.

दोन दिवसांनी ऑफिसातून आलो आणि दारामागे बघितलं, तर खिळा मोकळा. न सांगता गेले की काय? बायको म्हणाली, मंडईत गेलेत. पिशवी रिकामी करून, कपडे कॉटवर ठेवून, पिशवी घेऊन गेलेत. तेवढ्यात ते आलेच. पिशवीत माठाची जुडी, गाजरं आणि थोडा दुधी. "पाव्हण्याला आनलंय," म्हणाले. कॉटवरचे कपडे बायकोनं तोवर गुपचूप कप्प्यात लावले होते.

मी किती वर्षं त्या पिशवीपुढे डोकं फोडलं होतं. ती शेवटी पालेभाजीसाठी रिकामी झाली.

आता यात रागवण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मला हवं होतं ते झालं होतं. आप्पा राहिले होते. पण ते माझ्याकडे राहिले नव्हते, माझ्या घरी कासवाकडे राहिले होते. सकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे उभा, आणि ते माझ्या अंगावरून पलीकडे बघत विचारणार, "पाव्हणं उठलं का?" हे 'पाव्हणं' नाव त्यांनीच दिलं आणि ते घरात इतकं रुळलं की खरे पाहुणे आले तर घोटाळा व्हायचा.

पाणी हा तर विषयच काढायला नको. आप्पांनी कुठून तरी एक निळा ड्रम मिळवला. आमच्या गावाकडे टँकरची वाट बघत घराघरापुढे असतात तसला. तो उभा कापून घेतला, आडवा ठेवला, एका टोकाला उतरता दगड बसवला. झालं पाव्हण्याचं तळं. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचे, औषधाचा वास उडून जावा म्हणून. मग जुनं पाणी मगानं काढून मिरचीच्या रोपांना, आणि नवं पाणी ड्रममध्ये. बादल्याच्या बादल्या! ज्या माणसानं मला तिसरा तांब्या दिला नाही, तो माणूस हे करत होता. आणि वर मला ऐकवायचे, की पाव्हणं बघ कसं, पाण्याचा थेंब वाया घालवत नाही, सगळं मिरच्यांना मिळतं. मिरच्याही अशा धरल्या होत्या की बोलायची सोय नाही.

त्यात ते त्याच्याशी कानडीत बोलायचे. आमच्या भागात जुन्या माणसांना कानडी येतं. आप्पा त्यांच्या आईशी आणि मेंढरांशी कानडीत बोलायचे. आम्हा पोरांशी मराठी, कारण शाळा मराठी. "बारप्पा, बा," अशी लाडानं हाक मारून ते गाजराचा तुकडा पाण्यात सोडायचे आणि मग हळू आवाजात बरंच काही सांगत बसायचे. मला कानडी पाच-सहा शब्दांपुरतं कळतं. त्यांतला एक 'मग', म्हणजे मुलगा. तो शब्द त्या बोलण्यात दोनदा आला. आता ते कासवाला मुलगा म्हणत होते, की कासवाला मुलाबद्दल सांगत होते? मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "जाऊन विचारा की त्यांनाच." मी नाही विचारलं. दोन्ही उत्तरांची भीती वाटली.

एकदा मी मुद्दाम रजा काढली. म्हटलं, वडिलांजवळ बसावं, चार गोष्टी कराव्यात. अंगणात खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसलो, घसा साफ केला. आप्पांनी माझ्याकडे बघितलंही, आणि म्हणाले, "जरा सरक रं. ऊन अडतंय त्येचं."

हे जळणं आजचं नाही, हेही त्या खुर्चीवर बसून लक्षात आलं. आमचं घर मूळचं मेंढरांवरचं. कळप दुसऱ्याच्या हाती सोपवायचा झाला की आप्पा आधी एकेका जनावराला खूण करायचे. पाठीवर लाल रंगाचा आडवा पट्टा आणि त्याच्या टोकाला ठिपका. ती आमच्या घराची खूण. दहा कळप एकत्र मिसळले तरी आपलं ते आपलं. कोकरांना ते मांडीवर घेऊन खूण करायचे, आणि करून झाल्यावर एकेकाच्या कानामागे खाजवायचे. मी एकदा सदरा वर करून, पाठ उघडी टाकून कोकरांच्या मागे रांगेत उभा राहिलो होतो. माझी पाळी आली तेव्हा आप्पांनी सदरा खाली ओढला आणि म्हणाले, शाळेला जा. गेलो. काय करणार.

पावसाळा संपला आणि आप्पांना गावाहून निरोप आला. भावकीत कार्य होतं, त्यांनी सोमवारी जायचं ठरवलं. दोन-तीन दिवसांत परत येतो, म्हणाले. 'परत येतो' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. पिशवीत या वेळी एकच धोतर गेलं, बाकीचे कपडे कप्प्यात राहिले. ते बघून मला इतका आनंद झाला की मी पाव्हण्यालाही एक गाजर दिलं.

शनिवारी दुपारी सांगलीच्या बाईंचा फोन आला. उद्या काही कामानं साताऱ्याला येतायत, तेव्हा कासवाला बघून जातील. बायको खुशीत अंगणात गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली. त्या हाकेवरून कळलं की काहीतरी झालंय.

पाव्हणं दगडावर ऊन खात बसलं होतं. त्याच्या पाठीवर लाल आडवा पट्टा होता आणि पट्ट्याच्या टोकाला ठिपका.

खिडकीच्या ग्रिलला लावून डब्याच्या तळाशी उरलेला रेड ऑक्साइड आप्पांनी काढला होता. आप्पांना विचारलं तर त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटेना. गावाला निघालोय, जनावर दुसऱ्याच्या हाती देऊन जायचं, मग खूण नको? मी म्हणालो, दुसऱ्याच्या हाती म्हणजे कुणाच्या, मी आहे ना घरात. ते म्हणाले, "म्हनून तर. बदललं म्हंजे?" मी विचारलं, साताऱ्यात कासव कोण बदलणार, आप्पा? मी लहानपणी एकदा चुकून शेजाऱ्याचं कोकरू हाकत आणलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग बायकोनं त्यांना बाईंच्या अटी समजावून सांगितल्या. रंग लावायचा नाही. त्याला बाधतो. उद्या त्यांनी हे बघितलं तर घेऊन जातील. तिनं शक्य तितकं हळुवार सांगितलं. आप्पा ऐकत होते. बाधतो, हे ऐकून त्यांनी एकदा कासवाकडे बघितलं. मग उठले, आत गेले. मी मागोमाग गेलो, तर ते कप्प्यातले कपडे काढून पिशवीत भरत होते. सगळे.

"हे कशाला, आप्पा?"

"पाव्हणं गेल्यावर मी हितं काय करू?"

तो जुनाच प्रश्न. माझ्याकडेही जुनंच उत्तर होतं, ओठांपर्यंत आलेलं. टीव्हीचं नाव काढायची मात्र या वेळी हिंमत झाली नाही. मी बाहेर येऊन ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, थिनरला हात लावू नका. रंग अजून ओला असेल तर खोबरेल तेल, मऊ जुना ब्रश, अजिबात जोर न लावता, आणि नंतर तेल पुसून घ्या.

मुलीचा जुना टूथब्रश सापडला. पाट घेतला, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर माझा वैरी. त्यानं आधी डोकं आत घेतलं. मी घासायला लागलो. रंग कडेनं सुकला होता, मधे चिकट होता. थोडा थोडा सुटत होता, पाठीवरून निघून माझ्या हाताला लागत होता. काही वेळानं पाव्हण्यानं डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, की तुझ्यावर माझा काही जीव नाही, गैरसमज नको. पण तू इथं राहणं भाग आहे. तू राहिलास तर आप्पा राहतील. ते डोळे मिचकावत ऐकत होतं. आप्पा त्याला काही सांगत असतील तेव्हाही असंच ऐकत असणार. कुणाचं कुणाला न सांगणारं जनावर आहे, एवढं मला त्या दिवशी मान्य करावं लागलं.

किती वेळ गेला कळलं नाही. आप्पा बाहेर आले, समोर दुसरा पाट टाकून बसले आणि त्यांनी कासव दोन्ही हातांत धरलं, म्हणजे मला घासायला सोपं जावं. आमची डोकी जवळजवळ लागत होती. इतक्या जवळ आम्ही शेवटचे कधी बसलो होतो, आठवत नाही.

"हळू," आप्पा म्हणाले. "परात न्हाई ती. त्येला कळतंय."

अंधार पडेपर्यंत पट्टा गेला. पाठीच्या खाचांत मात्र थोडा लाल रंग राहिलाच.

रविवारी बाई आल्या. त्यांनी कासव उचललं, उजेडाकडे धरलं आणि खाचांकडे बोट करून विचारलं, हे काय? मी रात्रीच तयारी करून ठेवली होती. विटेचा चुरा, असं म्हणणार होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मी लावला व्हता. आमच्यात लावत्यात, दुसऱ्याच्या हाती जनावर द्यायचं म्हंजे. बाधतोय ते ठाव नव्हतं."

बाईंनी ड्रम बघितला, उतरता दगड बघितला, पाण्यात हात घालून बघितला, पाव्हण्याची नखं, डोळे, पोट बघितलं. मला वाटलं, गेलं आता. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, पाणी फार स्वच्छ ठेवलंय, काचेच्या पेटीतही लोक एवढं ठेवत नाहीत. मग आप्पांकडे वळल्या.

"आजोबा, तुम्ही गावाला गेलात की ह्याचं कोण बघणार?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मेंढरू विकत घेताना बघतात तसं, वरपासून खालपर्यंत. मी नकळत ताठ उभा राहिलो.

"ह्यो बघंल," ते म्हणाले. "ल्योक हाय माझा. मला वाटलं व्हतं, ह्येला न्हाई जमायचं. पर जमतंय."

बाईंनी पाव्हणं परत पाण्यात सोडलं. रंगाबद्दल पुन्हा एकदा बजावलं, पुन्हा येईन म्हणाल्या, आणि सगळ्यांना हात धुवायला लावले. आप्पांनी बादलीतून तांब्या भरून घेतला आणि माझ्या हातावर पाणी धरलं. मी साबण लावला. तांब्या संपला. त्यांनी दुसरा भरला. तो संपला. मी सवयीनं हात मागे घेतले.

"घे की," आप्पा म्हणाले. "पानी हाय."

तिसरा तांब्या हातावर पडत होता आणि मी खाली मान घालून हात घासत होतो, वर बघायची सोय नव्हती. आप्पा वरून म्हणाले, की साबण राहू देऊ नकोस, तसाच हात पाव्हण्याला लावशील.

सोमवारी त्यांना स्टँडवर सोडलं. पिशवी हलकी होती. बाकीचे कपडे बायकोनं पुन्हा कप्प्यात लावले होते आणि त्यांनी ते बघूनही काढले नव्हते. एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझा हात धरला आणि पालथा होता तो उलटा करून बघितला. तळहाताच्या रेषांत लाल रंग तसाच होता.

"गेला न्हाई व्हय?"

"नाही ना. किती घासला."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले, आणि गाडी निघाली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पाव्हण्यानं खाल्लं का, पाणी भरून ठेवलंय का, मिरच्यांना घातलं का, सगळं विचारलं. मी सगळं नीट सांगितलं. मी जेवलो का, हे त्यांनी विचारलं नाही. मग मी आपणहूनच सांगून टाकलं, की मीही जेवलो.

"बरं झालं," ते म्हणाले. "बुधवारी येतो."